सहावा डबा

“अगं पण तो चांगला चालतोय ना?” मगदूमकाकूंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“चालतोय म्हणून तर तोडतेय, काकू. बंद पडलेला तोडून काय करू?” असं म्हणून मी स्कॅनरच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू काढला आणि झाकण बिजागरीसकट उपटून बाजूला ठेवलं. काकूंनी “अरिहंत, अरिहंत” म्हणत डोळे मिटून घेतले.

ही २००६ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सांगलीतली. मी तेव्हा कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक होते. लग्न केलं नव्हतं, त्यामुळं घरात काहीही तोडलं तरी विचारणारं कुणी नव्हतं, आणि तोडायची हौस तर दांडगी. गल्लीत कुणाचा मिक्सर बंद पडला की लोक म्हणायचे, आवटीबाईंकडं न्या. मला ते ऐकायला फार आवडायचं. आता सत्तरी उलटल्यावर कबूल करायला लाज कसली?

पद्मावती मगदूम माझ्या घरापासून चार घरं सोडून राहायच्या. अडुसष्ट वय, गोऱ्यापान, ताठ बांध्याच्या, आणि बोलायला एकदम फटकळ. त्यांचे यजमान भूपाल मगदूम साखर कारखान्यात केमिस्ट होते. ते वारल्याला तीन वर्षं झाली होती. काकांना तरुणपणी सिनेकॅमेऱ्याचं वेड. किल्ली देऊन चालणारा, मुठीत मावेल एवढा कॅमेरा होता त्यांच्याकडं. फिल्म भरायची, चित्रं घ्यायची, मग घरच्या न्हाणीत दाराखालच्या फटीला गोणपाट लावून औषधाच्या पाण्यात ती तयार करायची, सगळा कारभार एकहाती. भिंतीवर चित्र पाडायचा प्रोजेक्टरही होता. तो आदल्या ऑगस्टच्या पुरात गेला. कृष्णा घरात छातीएवढी चढली होती. कॅमेरा गेला, प्रोजेक्टर गेला, राहिले ते फडताळातले पत्र्याचे सहा गोल डबे. काकांनी प्रत्येकाला चिकटपट्टीचे वेढे मारून ठेवले होते, म्हणून आत पाणी शिरलं नव्हतं.

ते सहा डबे पिशवीत घालून काकू माझ्याकडं आल्या होत्या.

“शकू, ह्यातलं एक रीळ माझ्या त्रिशलाचं आहे,” त्या म्हणाल्या. “पाच कारखान्याची आणि एक तिचं. कुठलं ते मला ठाऊक नाही.”

त्रिशला त्यांची मुलगी. एकुलती एक. एकाहत्तर साली, सहा वर्षांची असताना घटसर्पानं गेली. गल्लीतल्या जुन्या माणसांना एवढंच माहीत होतं, आणि काकूंसमोर तो विषय कुणी काढत नसे.

“जायच्या अकरा दिवस आधी ह्यांनी तिचं चित्र घेतलं बघ,” काकू सांगायला लागल्या. “परसात मी आणि ती फुगडी घालत होतो. हे म्हणाले, थांबू नका, घाला घाला. तिला कॅमेऱ्याच्या आवाजाचं हसू यायचं. हसता हसता माझा हात सुटला नि ती दाणकन आपटली, तरी हसतच होती. तिचा पुढचा दात पडला होता तेव्हा. वरचा का खालचा, आठवतच नाही मला. तोंड मिटलेला एक फोटो आहे घरात, तेवढाच. आई असून दात आठवत नाही गं!”

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “पस्तीस वर्षं झाली काकू.”

“म्हणून तर आले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्यातला पडदा सुकत चाललाय. दिवाळीपर्यंत उजेड-अंधार कळेल, माणसाचं तोंड कळायचं नाही. त्याच्या आत मला एकदा बघायचीय ती. एकदाच. मग काय व्हायचं ते होऊ दे डोळ्यांचं.”

“काकांनी कधी दाखवलं नाही तुम्हाला?”

हे मी विचारायला नको होतं. काकूंचं तोंड आवळलं.

“नाही. दर वर्षी ती तारीख आली की मधल्या खोलीचं दार आतनं लावून घ्यायचे नि प्रोजेक्टर लावून बसायचे. मला बाहेर नुसती खडखड ऐकू यायची. पहिल्या वर्षी मी दार वाजवलं, तर आतनं म्हणाले, ‘पद्मा, नको.’ का, मी कोण होते तिची? मोलकरीण? मग मीही परत नाही विचारलं. बत्तीस वर्षं एकटेच बघत बसले पोरीला. मी बाहेर शेंगा निवडत बसायची.”

एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. पिशवीची घडी घातली आणि माझ्याकडं बघत बसल्या. त्या क्षणी मी मनात पक्कं केलं की हे काम मीच करणार.

तरी आधी शौकतभाईंकडं गेले. शौकत मुल्लांचा गणपती पेठेच्या मागं फोटो स्टुडिओ होता. माणूस फोटोच्या धंद्यात जन्माला आलेला, वडिलांच्या हाताखाली अंधाऱ्या खोलीत वाढलेला. त्यांना मी विचारलं की ही आठ मिलिमीटरची फिल्म कॉम्प्युटरवर कशी घ्यायची.

“मुंबईला पाठवा बाई. तिथं एक लॅब आहे, माझ्या ओळखीची. नीट करतात.”

“पोस्टानं पाठवायची? काकू हातातनं सोडायच्या नाहीत ती.”

“मग मी जाईन तेव्हा नेतो. पुढच्या महिन्यात जायचंय.”

“मी घरीच करीन म्हणते. स्कॅनर आहे माझ्याकडं.”

शौकतभाई हसले. वाईट नाही हसले, पण मला लागलं ते हसणं. “स्कॅनरवर सिनेमा काढणार? काढा काढा. पण बाई, एक करा. ही रिळं धुतलेली आहेत का, ते आधी विचारून घ्या. धुतलेली नसली तर डबा उघडू नका. माझ्याकडं आणा.”

फोटोवाल्यांच्या बोलीत रोल धुणं म्हणजे घेतलेली फिल्म औषधात घालून चित्र वर आणणं. हे मला माहीत होतं. आमच्या लॅबमध्येही आम्ही ‘प्लेट धुतली का’ असंच म्हणायचो. न धुतलेल्या फिल्मला कणभर उजेड लागला की खेळ खलास, हेही मला माहीत होतं. अडाणी म्हणून माझ्या हातून काही झालं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

दुकानातनं बाहेर आल्या आल्या मी कोपऱ्यावरच्या फोनवरून काकूंना फोन लावला. रस्त्यात लग्नाची वरात चालली होती, बँड कानठळ्या बसवत होता. मी ओरडून विचारलं, “काकू, ती रिळं सगळी धुतलेली आहेत ना?”

“धुतलीत की!” काकूही तिकडनं ओरडल्या. “मी स्वतः धुतलीत. माझ्या हातानं, एकेक.”

झालं. माझ्या डोळ्यांसमोर न्हाणी आली, बादल्या आल्या, काकांच्या शेजारी पदर खोचून उभी असलेली तरुण पद्मावती आली. नवऱ्याला मदत करत असणार, मी मनाशी म्हटलं. आणि फोन ठेवला.

मग तीन आठवडे मी त्या स्कॅनरच्या मागं लागले. साधा घरगुती स्कॅनर. त्याचा दिवा खालनं कागदावर पडतो नि परत येतो तो उजेड यंत्र वाचतं. फिल्मला ते चालत नाही. फिल्मच्या मागनं, म्हणजे वरनं उजेड पाहिजे. मिरजेच्या भंगारवाल्याकडं एक्स-रे बघायचा जुना डबा मिळाला, त्याची दुधी काच कापून मी झाकणाच्या जागी बसवली आणि वर दोन छोट्या ट्यूब लावल्या. स्कॅनरचा स्वतःचा दिवा काळ्या पट्टीनं झाकला, तर यंत्र रुसून बसलं, चालूच होईना. एका कोपऱ्यात बोटभर फट ठेवली तेव्हा कुठं ते राजी झालं. फिल्म सरळ राहावी म्हणून दोन पोलादी फुटपट्ट्यांमध्ये बरोबर आठ मिलिमीटरची वाट केली. एका वेळी वीतभर लांबीपेक्षा जरा जास्त पट्टी बसायची, त्यात पंच्याहत्तर चित्रं. ती वाचायला चार मिनिटं. मग फिल्म पुढं ओढायची नि परत चार मिनिटं. एका रिळाच्या अशा बावन्न पट्ट्या. कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांनी पट्टीतली चित्रं वेगळी करून ओळीनं पळवायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता.

पहिलं रीळ पडद्यावर हललं, त्या रविवारी मी अक्षरशः नाचले. काकूंना हाताला धरून आणलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं. काळ्या-पांढऱ्या उसाच्या गाड्या हलत होत्या. बैल माना हलवत होते.

“अगं बाई! हलतंय की!” काकूंनी पडद्याला नाक लावलं. भिंग घेऊन त्यांनी ते चार मिनिटांचं चित्र पाच वेळा बघितलं. एकेका माणसाला ओळखत होत्या. “हा ऊस टाकायच्या गव्हाणीवरचा बाबगोंडा. हा वजनकाट्यावरचा लबाड. त्रिशला नाही ह्यात.”

दुसऱ्या रिळात बॉयलर. तिसऱ्यात बॉयलरच, वेगळ्या बाजूनं. चौथ्यात कारखान्याचा गळीत हंगामाचा समारंभ, फेटेवाले पाहुणे, मोळी टाकणारे हात. पाचव्यात नुसती मळी वाहून नेणारी नाली, चार मिनिटं. काकू कंटाळून म्हणाल्या, “ह्या माणसाला जगात दुसरं काही दिसत होतं का नाही? बायको नाही, पोर नाही, गटार दिसलं तेवढं!”

आम्ही दोघी हसलो. पण हसता हसता दोघींच्याही लक्षात आलं की आता एकच डबा राहिला. पाचांत ती नव्हती, म्हणजे सहाव्यात होती.

सहाव्याचा बेत आम्ही पुढच्या रविवारी ठेवला. काकू न्हाऊन, ठेवणीतलं इरकल नेसून आल्या. डब्यावर इतरांपेक्षा दुप्पट चिकटपट्टी होती. मला ती सोडवायला पाच मिनिटं लागली. पट्टीखाली काळा कागद निघाला, तो फाडला. दहा वाजले होते, दक्षिणेच्या खिडकीतनं टेबलावर लख्ख ऊन पडलं होतं.

फिल्म रुंद होती. बाकीच्यांच्या दुप्पट. मला चटकन कळलं. ही फिल्म मुळात दुहेरी रुंदीचीच मिळते, कॅमेऱ्यात एकदा इकडनं, एकदा तिकडनं घालायची, आणि धुऊन झाल्यावर मधोमध कापायची. काकांनी ही कापली नव्हती.

“कापायची राहिली वाटतं काकांची,” मी म्हटलं.

“राहिली असेल. पोर गेल्यावर ह्यांचं चित्त कुठं थाऱ्यावर होतं!”

मी कात्री घेतली नाही. घाई नको म्हटलं, फुटपट्ट्यांची वाटच रुंद करू. त्यासाठी फिल्म डब्यातनं पूर्ण मोकळी करायला हवी होती. मी पलंगावर धुतलेली पांढरी चादर टाकली आणि पंचवीस फूट फिल्म चादरीवर अलगद उलगडून पसरली. कुठं वळ पडू नये म्हणून अगदी प्रेमानं. तिचा रंग दुधट, करडा होता, आरपार काही दिसत नव्हतं. जुनी झालीय, मी स्वतःला सांगितलं. उजेड वाढवावा लागेल.

पहिली पट्टी स्कॅनरवर लावली. चार मिनिटं. पडद्यावर नुसता राखाडी चिखल. ट्यूब बदलली, परत लावली. तोच चिखल.

“दिसायला लागली का गं?” काकूंनी भिंग पुसून तयार धरलं होतं.

“थांबा जरा.”

उन्हात धरून बघावी म्हणून मी पलंगाकडं वळले, आणि चादरीवरच्या फिल्मचा रंग बदललेला दिसला. मघाशी दुधट होती. आता खिडकीकडचा सगळा भाग जांभळट पडला होता. मी बघत होते तोवर आणखी जांभळा होत होता.

आमच्या लॅबच्या शेजारी केमिस्ट्रीची लॅब. चांदीचा क्षार उन्हात ठेवला की जांभळा पडतो, हा प्रयोग मी खिडकीतनं शंभर वेळा पाहिला असेल. पोरं दर वर्षी ‘ओहो’ करतात. मला काय झालं ते सांगायला कुणाची गरज नव्हती. मी पलंगाच्या कडेला बसले.

“शकू?”

“मशीन बिघडलंय काकू,” मी म्हटलं. “तापलंय. आज नाही जमायचं.”

“मग उद्या?”

“उद्या बघू.”

काकू भिंग पिशवीत ठेवून म्हणाल्या, “एवढी पस्तीस वर्षं गेली, एक दिवस काय!” आणि भिंत चाचपत जिना उतरल्या.

मी फिल्म काळ्या कापडात गुंडाळून तडक स्टुडिओत गेले. शौकतभाईंनी ती नुसती बोटांत धरली आणि माझ्याकडं बघितलं.

“ही धुतलेली नाही बाई.”

“विचारलं होतं मी! काकू म्हणाल्या, धुतलीत. स्वतः धुतलीत म्हणाल्या!”

“रिळाचे आतले वेढे तरी बंद होते?”

“नाही. सगळी उलगडली. चादरीवर. उन्हात.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, ओरडा की, चार शिव्या द्या. पण तो भला माणूस ओरडला नाही.

“चित्र निघालं असतं का हो?” मी विचारलं. “पस्तीस वर्षांनी?”

“कशाला विचारता आता?”

“सांगा ना.”

“काळी-पांढरी होती. डबा घट्ट होता. धूसर निघालं असतं, पण निघालं असतं बहुतेक. वालिदांनी एकदा तीस वर्षांची काढलेली मी पाहिलीय.”

त्यांनी त्याच संध्याकाळी ती औषधात घातली. माझ्या समाधानासाठी. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट निघाली. एक चित्र नाही, एक रेघ नाही. मुंबईला त्यांच्या हाती दिली असती तर त्या लॅबनं अंधारातच उघडली असती. मी दिली नव्हती. का, तर ते माझ्या स्कॅनरला हसले होते.

काकू ‘स्वतः धुतलीत’ का म्हणाल्या, ते मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणीकडनं कळलं. पूर ओसरल्यावर डब्यांवर बोटभर गाळ बसला होता. काकूंनी परसात बसून सहाही डबे निरम्यानं घासून धुतले होते, एकेक, स्वतःच्या हातानं. काकांनी वर चिकटवलेले कागद त्या धुण्यात निघून गेले. सहाव्या कागदावर काय लिहिलं होतं, देव जाणे. काका पक्के केमिस्ट. ते आयुष्यात कधी ‘धुणं’ म्हणाले नाहीत, ‘डेव्हलपिंग’ म्हणायचे. काकूंना फिल्म धुतात हे कुठनं माहीत असणार?

तीन दिवस मी काकूंच्या घरावरनं गेले नाही. कॉलेजला लांबच्या रस्त्यानं जायचे. रात्रंदिवस एकच घोकत होते, सांगून टाकू की रीळ जुनं होऊन खराब झालंय, पुराची ओल लागली असेल. कुणाला पत्ता लागला असता? शौकतभाईंनीही तेच सुचवलं. “म्हाताऱ्या जिवाला कशाला त्रास,” म्हणाले. पण मला ते पेलवेना. माझ्या हातून गेलं आणि दोष पुराला द्यायचा, हे मला जमेना. तेव्हा मला वाटलं, हा माझा प्रामाणिकपणा. आज कळतं, मला माझं ओझं उतरवायचं होतं, बाकी काही नाही. ते मी कुणाच्या अंगावर टाकतेय याचा विचारही केला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी गेले. काकू सोप्यावर सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यापासून त्या बोटांनीच दाणे निवडायच्या.

“आलीस? झालं का मशीन बरं?”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. “काकू, मशीनला काही झालेलं नाही. माझ्या हातून तुमचं रीळ गेलं.”

“गेलं म्हणजे?”

“त्याला उजेड लागला. आता त्यात काही नाही. एकसुद्धा चित्र नाही. मी अंधारात उघडायला हवं होतं, मी उन्हात उघडलं.”

त्यांच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. “बाकीची पाच उघडलीस ती उजेडातच की. त्यांना कुठं काय झालं?”

“ती पाच धुतलेली होती. हे धुतलेलं नव्हतं.”

“अगं, मी स्वतः...”

“डबे नाही काकू. फिल्म. फिल्म औषधात धुतात, मग चित्र दिसतं. डेव्हलपिंग.”

तो शब्द त्यांना कळला. तो त्यांच्या घरातला होता. मी वाट बघत होते की आता मला म्हणतील, चालती हो. म्हणायला हवं होतं त्यांनी. मी तेवढ्यासाठीच आले होते म्हटलं तरी चालेल.

“म्हणजे ह्यांनी ते डेव्हलप केलंच नव्हतं?” त्यांनी हळू विचारलं.

“नाही.”

“कधीच?”

“नाही काकू. घेतलं, डब्यात घातलं नि पट्टी मारून ठेवलं. तसंच होतं ते.”

“मग आत काय बघत बसायचे? दर वर्षी? मी ऐकलंय की गं खडखड.”

“दुसरं कुठलंतरी लावत असतील. कारखान्याचं.”

“कारखान्याचं,” काकू म्हणाल्या. “बॉयलर.”

तेव्हा मला कळलं की मी काय केलं ते. त्यांची मुलगी तर मी घालवलीच होती. पण पस्तीस वर्षं ज्या रागाला धरून ही बाई उभी होती, तो रागही आत्ता मी बोलून बोलून काढून घेत होते. मला माझे शब्द परत गिळावेसे वाटले. खोटं बोलायची वेळ मी येऊन बसले तेव्हा होती, आणि ती निघून गेली होती.

“म्हणजे ह्यांनीसुद्धा बघितली नाही तिला,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, एकटे बघतात. ह्यांनी पण नाही बघितली.”

“धीर झाला नसेल काकांचा.”

“आणि मला बोलले का नाहीत? ‘पद्मा, नको’ एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मला नको म्हणतात.” त्यांनी सूप बाजूला सारलं. “तुला सांगते शकू, शेवटच्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात ह्यांना बोलता येत नव्हतं. हात पुढं केला माझ्याकडं. सगळे बाहेर होते, मी एकटीच होते खोलीत. मी हात नाही दिला. मी म्हटलं, माझी पोरगी मला दाखवली नाहीत ना, आता जावा एकट्यानंच. ह्यांना ऐकू येत होतं. डोळ्यांतनं पाणी आलं ह्यांच्या. मला वाटलं, बरं झालं, लागलं एकदाचं.”

मी त्यांचा हात धरायला गेले, तो त्यांनी सोडवून घेतला. रागानं नाही. त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्या मधल्या खोलीच्या दाराकडं तोंड करून बसल्या होत्या. पुरात फुगून ते दार आता नीट लागतही नव्हतं.

काकू पुढं नऊ वर्षं जगल्या. डोळे दिवाळीच्या आधीच गेले. माझ्यावर त्या कधी रागावल्या नाहीत, जेवायचा डबा घेऊन गेले तर घ्यायच्या, पण त्रिशलाचं नाव परत माझ्यापाशी काढलं नाही आणि काकांना परत कधी नावं ठेवली नाहीत. तो स्कॅनर मी भंगारात दिला. त्या दुपारी मात्र मी अजून त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले होते.

लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “शकू, आता ह्यांना कसं सांगू गं मी?”

मी पसरलेली टरफलं गोळा करायला लागले.